चमक : डोळ्यात, पाठीत आणि जिभेवर

(मराठी शब्दांवरील व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द अगदी रोजचा, कोशात शोधायला जावं असं कुणाला वाटणार नाही, इतका ओळखीचा. शब्द आहे ‘चमक’, आणि त्याचं क्रियापद ‘चमकणे’.

आधी पाच वाक्यं म्हणतो, ती फक्त ऐका. ‘डोंगरापलीकडे वीज चमकली.’ ‘मागून हाक आली तसा तो चमकला.’ ‘पोतं उचलायला वाकलो आणि पाठीत चमक भरली.’ ‘तिच्या मनात एक विचार चमकून गेला.’ ‘पहिल्याच सामन्यात पोरगा चमकला.’

पाचही वाक्यं शुद्ध मराठी आहेत, आणि तुमच्यापैकी कुणालाही एकाचाही अर्थ विचारावा लागला नाही. पण या पाच वाक्यांत उजेड किती ठिकाणी आहे? खराखुरा, डोळ्यांना दिसणारा उजेड फक्त पहिल्या वाक्यात आहे. दुसऱ्यात दचकणं आहे, तिसऱ्यात वेदना, चौथ्यात विचार, पाचव्यात नावलौकिक.

आपल्याला शाळेपासून एक सोपं उत्तर सवयीचं झालेलं असतं. ‘चमकणे’चा मूळ अर्थ प्रकाश फेकणे, आणि बाकीचे सगळे लाक्षणिक. वीज चमकते तशी वेदना चमकते, तारा चमकतो तसा खेळाडू चमकतो. खेळाडूपुरतं हे उत्तर चालेल. पण दचकण्याचं काय? माणूस दचकतो तेव्हा त्याच्यातून कुठला प्रकाश बाहेर पडतो?

माझं म्हणणं असं आहे की हा शब्द मुळात उजेडाचा नाहीच. तो अंगाला बसणाऱ्या अचानक झटक्याचा शब्द आहे. डोळ्याला बसलेला झटका म्हणजे विजेची चमक, कंबरेला बसलेला म्हणजे दुखण्याची चमक, मनाला बसलेला म्हणजे चमकणं. हे मी का म्हणतो, ते आता एकेक पुरावा घेऊन बघू.

समई चमकत नाही

पहिला पुरावा आपल्या बोलण्यातलाच. देवघरात समई लावली आहे. ती काय करते? तेवते. ‘समई चमकतेय’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळेबद्दल बोलणं चाललंय, ज्योतीबद्दल नाही. चूल पेटते, कंदील मिणमिणतो, चांदणं पडतं, ऊन तळपतं, फटफटतं आणि उजाडतं. यांतलं काहीही चमकत नाही. पुस्तकांत अलीकडे ‘सूर्य चमकत आहे’ असं वाक्य दिसतं, पण ते इंग्रजी वाक्याच्या वळणावर बेतलेलं आहे. अंगणात उभी असलेली आजी ‘ऊन पडलंय’ म्हणेल.

मग चमकतं काय? वीज. काजवा. पाण्यावरचं ऊन. नाकातली चमकी. चमकी हे नावच बघा, किती नेमकं आहे. बाई स्थिर बसली असेल तर तो खडा नुसता एक ठिपका असतो. ती मान वळवते आणि क्षणभर त्यातून कवडसा येतो, पुन्हा जातो. हिऱ्याचंही असंच. पैलू पाडलेला हिरा हलवत राहिलं, किंवा बघणारा हलला, की एका पैलूवरचा प्रकाश विझतो, दुसऱ्यावरचा पेटतो. पैलूंचं कामच ते. काचेच्या गोटीवर आणि हिऱ्यावर एकाच दिव्याचा प्रकाश पडतो, पण ही आत-बाहेरची लपाछपी गोटीला तितकी साधत नाही.

म्हणजे चमक ही प्रकाशाची मात्रा सांगत नाही. दुपारच्या उन्हात काजव्याच्या लाखो पट प्रकाश असतो, पण मेअखेरीस सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर झाडावर लुकलुकणारा काजवा ‘चमकतो’ आणि दुपारचं ऊन ‘चमकत’ नाही. चमक सांगते ती घडण्याची रीत. नव्हतं, अचानक झालं, आणि गेलं.

एकदा आणि पुन्हापुन्हा

दुसरा पुरावा शब्दाच्या बांधणीत आहे. मराठीत ‘क’ने संपणाऱ्या क्रियापदांचा एक मोठा गोतावळा आहे. दचकणे, थबकणे, बिचकणे, धडकणे, भडकणे, लचकणे, सणकणे, खटकणे, झळकणे. जरा मोठ्याने म्हणून बघा. प्रत्येकात एक झटका आहे. काहीतरी एकदम होतं.

आता याच्या शेजारी त्यांची दुहेरी भावंडं ठेवा. छातीत धडधडतं, पण गाडी भिंतीवर धडकते. दार खटखटवतात, पण एखादी गोष्ट मनाला खटकते. धडधड पुन्हापुन्हा होते, धडक एकदाच बसते. तसंच तारे चमचमतात आणि वीज चमकते. ‘चमचम’ म्हणजे बारीक झटक्यांची मालिका, ‘चमक’ म्हणजे एक झटका. हा काही पोलादी नियम नाही. झेंडा फडकतो तो तासन्तास फडकतो, हे मलाही माहीत आहे. पण एकूण कल स्पष्ट आहे, आणि आपण मराठी बोलणारे तो कुणी न शिकवता पाळतो.

या गोतावळ्यात ‘चमकणे’ कुणाच्या पंगतीला बसलंय बघा. दचकणे, थबकणे, बिचकणे यांच्या. उजेडाच्या शब्दांची पंगत वेगळी आहे.

चमत् असा उद्गार

आता मुळाकडे येऊ. संस्कृतात ‘चमत्’ असा एक अव्यय शब्द आहे. तो एकटा सहसा येत नाही, ‘कृ’ धातूबरोबर येतो. चमत् + कृ, त्यावरून चमत्कार, चमत्कृती. संस्कृतचे कोश ‘चमत्’चा अर्थ काय देतात? आश्चर्याचा उद्गार. आपण ‘अबब’ म्हणतो, ‘अगंबाई’ म्हणतो, तसा. म्हणजे चमत्कार याचा अक्षरशः अर्थ ‘चमत् असं करणं’. फूत्कार म्हणजे ‘फूत्’ असं करणं, सीत्कार म्हणजे ‘सीत्’ असं करणं, त्याच साच्यातला हा शब्द. या साच्यातल्या शब्दांत आवाज असतो, अंग असतं, श्वास असतो. प्रकाश नसतो.

प्राकृतात याचं रूप ‘चमक्क’ असं सापडतं, आणि अर्थ विस्मय. संस्कृतातला ‘त्क’ प्राकृतात ‘क्क’ होतो, हे नेहमीचं आहे. सत्कारचं सक्कार होतं, उत्कंठाचं उक्कंठा होतं. पुढे आधुनिक भाषांत जोडाक्षर सुटतं. चक्राचं चक्क झालं आणि त्याचं चाक झालं, तसं चमक्कचं चमक.

शेजारच्या भाषांत डोकावलं तर हाच माग दिसतो. बंगालीत या शब्दाचा ठळक अर्थ आजही दचकणं, चकित होणं हाच आहे. वीजही चमकते, पण माणूस जास्त चमकतो. गुजरातीत दोन्ही अर्थ नांदतात. हिंदीत मात्र प्रकाशाचा अर्थ इतका बळावला की दचकण्यासाठी रोजच्या बोलण्यात ‘चौंकना’ वापरतात. मराठी मधोमध उभी आहे. आपण वीजही चमकवतो आणि माणूसही चमकवतो, आणि एकाही अर्थाला अजून घराबाहेर काढलेलं नाही.

काश्मीरमधले पंडित

या शब्दाचं सगळ्यात सुंदर आयुष्य गेलं ते काव्यशास्त्रात, काश्मीरमध्ये. नवव्या शतकात आनंदवर्धन नावाचे आचार्य होऊन गेले. ‘ध्वन्यालोक’ हा त्यांचा ग्रंथ. त्याच्या शेवटच्या भागात प्रश्न असा येतो की आधी कुणी म्हटलेलीच गोष्ट नवा कवी म्हणत असेल तर ते चालावं का. ते म्हणतात, वाचताना रसिकाला ‘इथे काहीतरी नवं स्फुरलंय’ असं जाणवलं आणि त्याच्या मनात चमत्कृती उत्पन्न झाली, तर ती वस्तू रम्य आहे. जुनी सावली तिच्यावर असली तरी चालेल.

इथे ‘स्फुरण’ आणि ‘चमत्कृती’ हे दोन शब्द एकत्र आलेत, ते लक्षात ठेवा. आपण त्यांच्याकडे परत येऊ.

पुढे दहाव्या-अकराव्या शतकात अभिनवगुप्त आले. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांची ‘अभिनवभारती’ ही टीका आहे. नाटक बघताना प्रेक्षकाच्या आत काय होतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी चमत्काराचे दोन पदर सांगितले. एक, कसलंही विघ्न नसलेली, अखंड अशी जाणीव, म्हणजे तिकिटाचे पैसे, घरची भांडणं, शेजारच्याचा खोकला यांतलं काहीही मध्ये न येणारी तन्मयता. उदाहरणं माझी, विचार त्यांचा. आणि दोन, त्या जाणिवेतून अंगावर उमटणारा बदल, म्हणजे कंप, रोमांच, अंग उसळून येणं. हासुद्धा चमत्कारच, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा भारतातला सगळ्यात सूक्ष्म विचार करणारा माणूस ‘चमत्कार’ म्हणताना काटा आलेल्या अंगाबद्दल बोलत होता. चांगल्या गाण्यात समेवर येताना आपल्या तोंडून ‘अहा’ निघतं आणि मान आपोआप हलते ना, त्याबद्दल.

सतराव्या शतकात जगन्नाथ पंडितांनी ‘रसगंगाधर’ लिहिला. त्यांनी हा आनंद आणखी काटेकोरपणे वेगळा काढला. ‘तुला मुलगा झाला’ किंवा ‘मी तुला धन देईन’ हे ऐकून आनंद होतोच, पण तो काव्याचा लोकोत्तर आनंद नव्हे, असं ते सांगतात. त्या आनंदात आपला फायदा मिसळलेला असतो. चमत्कारात फायदा कसलाच नसतो, तरी अंग शहारतं.

जिभेचा टक्

आता एक गंमत. गेल्या शतकात मद्रासला डॉ. वे. राघवन नावाचे संस्कृतचे मोठे अभ्यासक होते. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या अलंकारशास्त्रावरच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी चमत्कार या शब्दाबद्दल एक तर्क मांडला. ते म्हणतात, हा शब्द मुळात ध्वनीचं अनुकरण असावा, आणि तो ध्वनी म्हणजे काहीतरी झणझणीत, चवदार खाल्ल्यावर आपण जीभ टाळ्याला लावून जो आवाज काढतो तो.

चिंचेचा कोळ चाटल्यावर येतो तो आवाज. करून बघा. (श्रोत्यांत हशा.)

हा तर्कच आहे, सिद्धांत नव्हे. पण मराठी माणसाला तो ऐकताक्षणी पटावा, कारण आपल्याकडे ‘चमचमीत’ हा शब्द आहे! चमचमीत मिसळ, चमचमीत भेळ. या शब्दात उजेडाचा मागमूस नाही. मिसळ चकाकत नाही. तर्री थोडी चकाकते, पण आपण चमचमीत म्हणतो ते तर्रीच्या तकाकीला नव्हे, जिभेला बसणाऱ्या बारीकबारीक झटक्यांना. तारे चमचमतात तेव्हा डोळ्याला जे होतं, ते चमचमीत खाताना जिभेला होतं. शब्द एकच, फक्त इंद्रिय बदललं.

उजेडाचे इतर शब्द

तुम्ही म्हणाल, एका शब्दावरून एवढं कसं सांगता? म्हणून आणखी थोडे शब्द तपासू.

‘तेज’ घ्या. हा ‘तिज्’ धातूवरून आला, आणि तिज् म्हणजे धार लावणे, तीक्ष्ण करणे. तीक्ष्ण हा शब्दही त्याच धातूचा. तीक्ष्णचं प्राकृतात तिक्ख झालं, आणि त्यातून मराठीत तीख, तिखट. म्हणजे तेज आणि तिखट ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. ऋषीच्या चेहऱ्यावरचं तेज आणि ठेच्यातलं तिखट! दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच, टोचणारी धार.

‘झळ’ घ्या. उन्हाची झळ लागते ती त्वचेला. आणि झळकणं, झळाळी हे दिसतात डोळ्याला.

‘लवणे’ घ्या. वीज लवते आणि डोळाही लवतो. ‘पापणी लवते न लवते तोच’ असं आपण म्हणतो. उजेडाची हालचाल आणि पापणीची हालचाल, क्रियापद एकच.

आणि मघाचा तो ‘स्फुरण’. संस्कृतात स्फुर् म्हणजे थरथरणं, फुरफुरणं, आणि लकाकणंही. बाहू स्फुरण पावतात, आणि कविताही स्फुरते. आनंदवर्धनांनी स्फुरण आणि चमत्कृती एकाच दमात का वापरले ते आता कळलं ना? दोन्ही शब्द अंगाच्या थरथरीतून उजेडाकडे आणि तिथून कल्पनेकडे जातात.

या सगळ्याचा एकत्र अनुभव हवा असेल तर आपल्या एका वाक्प्रचाराकडे बघा. जोरात कानशिलात बसली की काय होतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वेदना, दचकणं आणि प्रकाश, तिन्ही एकाच क्षणी, आणि त्यासाठी भाषेने शब्द निवडला तो चमकणे.

यात एवढं काय आहे?

आता शेवटचा मुद्दा. शब्दाचं मूळ कळलं, बरं वाटलं, पण त्यानं फरक काय पडतो? मला दोन ठिकाणी फरक पडताना दिसतो.

एक, दवाखान्यात. मराठीत दुखण्याला किती नावं आहेत बघा. ठणका म्हणजे नाडीबरोबर घाव घालणारं दुखणं. कळ येते आणि ओसरते. उसण भरते ती पाठीत, हालचालच बंद करते. चमक म्हणजे क्षणात येऊन क्षणात जाणारी, विजेसारखी तिडीक. कंबरेतून पायात चमक उतरते असं रुग्ण म्हणतो तेव्हा तो दाबल्या गेलेल्या मज्जातंतूचं वर्णन अचूक करत असतो. ठणकतंय म्हणाला तर डॉक्टर वेगळ्या दिशेने विचार करतील. पण ऐकणाऱ्याला हे शब्द कळले नाहीत, किंवा सांगणाऱ्यालाच ते गावंढळ वाटले आणि तो नुसतं ‘पेन होतंय’ म्हणाला, तर एक आयती खूण हातची गेली. माझी विनंती आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा त्यांचे शब्द दुरुस्त करू नका. ते चमक म्हणाले तर तुम्हीही डॉक्टरांना चमकच सांगा, आणि लागलं तर समजावून सांगा.

दोन, चमत्काराच्या बाबतीत. मूळ अर्थानं चमत्कार बघणाऱ्याच्या अंगात घडत होता. कवितेनं, नाटकानं, विजेनं मला दचकवलं, शहारा आणला, तो माझा चमत्कार. हळूहळू हा शब्द बघणाऱ्याकडून करणाऱ्याकडे सरकला. अमुक बाबा चमत्कार करतात. आता चमत्कार ही त्यांची शक्ती झाली आणि आपण हात जोडून उभे राहिलो. हातातून राख काढून दाखवली तर मला आश्चर्य वाटतं, हे खरं आहे. पण आश्चर्य ही माझ्याविषयीची बातमी आहे. ती हात कसा हलला, याचा पुरावा नाही. हवेतून राख काढण्यामागची हातचलाखी लोकांसमोर करून दाखवणारे कार्यकर्ते महाराष्ट्रात गावोगाव हेच तर सांगत आलेत. शब्दाचा जुना अर्थ त्यांच्या बाजूला आहे.

आणि मराठीनं तो जुना अर्थ एका कोपऱ्यात अजून जपलाय. हिंदीत ‘चमत्कारिक’ म्हणजे अद्भुत, दैवी. मराठीत? ‘जरा चमत्कारिकच माणूस आहे.’ ‘त्यांच्याकडे गेल्यावर मला चमत्कारिक वाटलं.’ म्हणजे विचित्र, अवघडल्यासारखं, आत कुठेतरी खटकणारं. यात दैवी काही नाही. त्यात आहे ते बिचकणं. संस्कृतातला तो जुना ‘चमत्’ उद्गार आपल्या या कुरकुरीत अजून ऐकू येतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*‘चकमक’ आणि ‘चमक’ यांचा संबंध आहे का? गारगोटीतून ठिणगी पडते, तीही चमकतेच.*

फार चांगला प्रश्न, आणि इथे फसायला होतं. अक्षरं जवळपास तीच, ठिणगीही आहे, पण घराणं वेगळं. चकमक हा तुर्की शब्द, फारसीमार्गे आपल्याकडे आला. तुर्की भाषेत त्याचा संबंध आघात करण्याशी, ठिणगी पाडण्याशी आहे, आणि आजही तिथे सिगारेट पेटवायच्या लायटरला याच शब्दानं ओळखतात. आपल्याकडे तो गारेचा दगड झाला, आणि दगडावर दगड आपटतो तशी दोन तुकड्यांची छोटी लढाईही ‘चकमक’ झाली. कानाला सारखे वाटणारे शब्द रक्ताचे नातेवाईक असतीलच असं नाही.

*‘चकाकते ते सर्व सोने नसते’ असं आपण म्हणतो. ‘चमकते ते’ असं का नाही?*

ही म्हण इंग्रजीतून आलेली आहे. पण मराठीत आणणाऱ्यांनी शब्द मात्र अस्सल निवडला. चकाकी ही घासलेल्या, गुळगुळीत पृष्ठभागाची असते आणि ती टिकून राहते. पितळेचा तांब्या चकाकतो. संस्कृतात ‘चकास्’ म्हणजे प्रकाशणे, त्या घराण्याशी चकाकीचं नातं जोडतात. सोन्याची फसवणूक करायची तर ती सावकाश, निरखून बघणाऱ्याची करायला लागते. त्यासाठी टिकणारी चकाकी हवी. चमक क्षणात येते आणि जाते. ती फसवायला थांबतच नाही, फक्त दचकवते.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी कुणी ‘चमक’ म्हणालं की नुसतं बघू नका, अंगात कुठे काही हललं का, तेही तपासा.